फेर्नांचं स्टूल

"घे वास," म्हणत जोझियानने भरलेली टोपली सोलांजच्या गुडघ्यांपाशी आदळली. "आणि जरा लवकर आटप, मादाम. थंडीने माझी बोटं गळून पडायची वेळ आलीय."

सोलांज स्टुलावरूनच पुढे वाकली. नाक द्राक्षांना टेकेल इतकं जवळ नेलं, डोळे मिटले आणि सवयीने मनात मोजलं. एक, दोन, तीन. टोपलीत सुरकुतलेले, जांभळट तपकिरी, अंगावर राखाडी लव उठलेले मणी होते. सव्वीस वर्षं अशा टोपल्या तिच्याशी बोलत आल्या होत्या. कुणी मधाचं सांगे, कुणी अळंब्यांचं, कुणी वाळलेल्या जर्दाळूचं, आणि एखादी लबाड टोपली सगळं गोडगोड सांगता सांगता मध्येच व्हिनेगरची सुई टोचून जाई. ही टोपली मात्र मुकी होती. सकाळपासून आलेल्या सगळ्याच टोपल्या मुक्या होत्या. नाकात जात होती ती नुसती गार हवा.

तिने चिलटं शोधली. आंबट कुजीवर चिलटं घोंघावतात, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सिराँ नदीवरून आलेलं धुकं अजून वेलींवरून हललं नव्हतं, आणि असल्या गारठ्यात चिलटंसुद्धा बाहेर पडत नाहीत.

सोलांज पाठ सरळ करून बसली.

"टाक," ती म्हणाली.

"काय टाक?"

"सगळी टाक. आंबलीय."

"आंबलीय? ही?" जोझियानचा आवाज चार ओळींपलीकडे गेला. "सकाळपासून ही माझी तिसरी टोपली टाकतेयस तू! पोराच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तसा एकेक मणी वेचलाय मी. तुझं नाक आज डाव्या कुशीवर उठलंय का?"

ओळींमधून दोघीतिघी हसल्या. सोलांजही हसली असती, एरवी. आज तिने फक्त हाताने ढिगाकडे खूण केली. जोझियानने टोपली चिखलात उपडी केली, कात्री कमरेला खोचली आणि काहीतरी पुटपुटत ती पुन्हा ओळीत शिरली. ती काय पुटपुटली हे सोलांजला ऐकू आलं नाही, पण कळलं. "बाबा असते तर" असंच काहीतरी असणार.

कारण ते स्टूल जोझियानच्या बापाचं होतं.

बाकी सगळीकडे द्राक्षं कुजायला लागली की माणसं कपाळाला हात लावतात. इथे मात्र ती कुजावीत म्हणून ऑक्टोबरभर आभाळाकडे डोळे लावून बसतात. भानगड एवढीच की एकाच धुक्यातून कूज दोन प्रकारची येते. एक मण्यातलं पाणी पिऊन मागे मध ठेवते, दुसरी त्याच मण्याचं व्हिनेगर करते. उन्हात दोन्ही ओळखता येतात. गारठलेल्या सकाळी भल्याभल्यांची फसगत होते, आणि वाईट कुजीची एक टोपली रसात गेली की अख्खं पिंप हातचं जातं. म्हणून कास्तेरांच्या मळ्यात ओळीच्या टोकाला तीन पायांचं एक स्टूल असतं, त्यावर एक नाक बसतं, आणि ते नाक 'आत' म्हणाल्याशिवाय एकही टोपली गाडीवर चढत नाही.

सोलांजच्या आधी तिथे फेर्नां दुपूई बसायचा. तीस वर्षं बसला. मग एके वर्षी त्याने आंबट टोपल्या आत जाऊ दिल्या. सोलांज तेव्हा बत्तीस वर्षांची, साधी तोडणीवाली होती. गाडीजवळून जाताना तिला टबांतून व्हिनेगरचा वास आला आणि ती तडक थोरल्या मालकांकडे गेली. अंगणात सगळ्यांसमोर मालकांनी विचारलं, तेव्हा फेर्नांने टोपी हातात घेतली आणि खाली बघत सांगितलं, "हो मालक. सकाळी जरा जास्त झाली." तोवर आधीच्या टोपल्यांचा रस निघून गेला होता, त्या वर्षीची दोन पिंपं गेलीच. फेर्नांचं स्टूल सोलांजला मिळालं. फेर्नां पुन्हा मळ्यात आला नाही. पुढे तो खरंच प्यायला लागला आणि सहा वर्षांत गेला. गाव अजूनही कुणी हलगर्जीपणा केला की म्हणतं, "फेर्नां झालास का?" आणि जोझियान शेजारी असली की जीभ चावतं.

सोलांजचं नाक गेलं त्याला आज बारा दिवस झाले होते.

ताप आला होता, चार दिवस राहिला आणि गेला. जाताना नाक घेऊन गेला हे तिला लगेच कळलंही नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात विणत बसली होती, तर शेजारीण दार ठोठावत आत घुसली. "सोलांज! अगं जळतंय काय?" तीन पावलांवर गॅसवर दुधाचं भांडं काळं ठिक्कर पडलं होतं. धूर छताला लागला होता. आणि ती सुया चालवत बसलेली.

शेजारीण गेल्यावर तिने कॉफीचा डबा उघडला. लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. मग वरच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. तिचा नवरा ऑगस्त जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याचं कॉर्डुरॉयचं जाकीट तिने धुतलं नव्हतं. दर रविवारी ती त्याच्या कॉलरमध्ये नाक घालून उभी राहायची. तंबाखू, घाम आणि ऑगस्त. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखंही नव्हतं. त्या संध्याकाळी तिने जाकिटात तोंड खुपसलं, तर हाताला फक्त कापड लागलं. तेव्हा तिला खरी भीती वाटली. दूध जळलं तेव्हा वाटली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त.

लांगों शहरातल्या डॉक्टरने घसा बघितला, कान बघितले आणि सांगितलं, "येईल परत. नाहीतर नाही येणार." मग बाहेर पाऊस लागला आणि तोडणी थांबली. पाऊस थांबू नये म्हणून या गावात आजवर कुणी प्रार्थना केली नसेल. सोलांजने केली. रोज उठून ती कॉफीच्या डब्यात नाक घालायची आणि मग खिडकीतून बाहेर बघायची. पडतोय ना अजून. काल दुपारी वारा फिरला आणि मालकांचा फोन आला. "मादाम सोलांज, उद्या शेवटची फेरी. तुम्ही आहात ना?"

"आहे की," ती म्हणाली. कुठूनशी जीभ तशी वळली.

सांगून का टाकलं नाही? ती स्वतःलाच विचारत होती. गुडघे गेलेत, पाठ गेलीय, डोळ्यांना चष्मा आहे. या मळ्यात तिच्याकडे उरलं होतं ते नाकच. गावात पोस्टमनसुद्धा तिला 'नाकवाली' म्हणायचा. नाक नसलेल्या नाकवालीला कुणी काय म्हणायचं? तिला वाटलं होतं, सकाळपर्यंत येईल. निदान टोपलीवर वाकल्यावर तरी येईल. द्राक्षांची ओळख ते विसरणार नाही.

ते विसरलं होतं.

पहिल्या काही टोपल्यांतले मणी तिने चाखून पाहिले. नाक गेलं तरी जीभ आंबट आणि गोड ओळखत होती. एक टोपली झोंबली, ती तिने टाकली आणि जीव भांड्यात पडला. जमेल असं वाटलं. पण ते मणी इतके गोड असतात की दहा-वीस खाल्ले की जीभ लाकडाची होते. नवव्या टोपलीला तिला काहीच कळेना. मग तिने शंका आली की टाकायला सुरुवात केली, आणि एकदा शंका यायला लागली की ती काय थांबते?

अकराच्या सुमाराला धाकटे मालक फेरी मारायला आले. एत्येन कास्तेरा चाळिशीचा, बापासारखा दणकट आवाज नसलेला, सदा बोटांची नखं खाणारा माणूस. यंदा एप्रिलमध्ये हिमाने निम्मे कोंब मारले होते, जूनमध्ये गारांनी उरलेल्यांवर हात फिरवला होता. पहिल्या दोन फेऱ्यांत मिळून जेमतेम तीन पिंपं झाली होती. आज एक व्हायचं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की उशिराच्या फेरीचं पिंप हेच खरं पिंप. त्यावरच मळ्याचं नाव.

ते ढिगाशी थांबले. "एवढं?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"आंबलंय, मालक," सोलांज म्हणाली. तिच्या काखेत घाम सुटला होता, त्या गारठ्यात.

"पावसाने केलं असणार." त्यांनी एक घड बुटाच्या टोकाने उलटा केला आणि मान हलवली. "तुम्ही म्हणता म्हणजे आंबलंच असणार. तुम्ही आहात म्हणून मला झोप तरी लागते, मादाम सोलांज. नाहीतर या कोठारातल्या आर्मांच्या नाकावर मळा चालवायचा म्हणजे…"

ते हसले आणि पुढे गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. विश्वासाने माणसाचे हातपाय इतके गार पडतात, हे सोलांजला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आलेल्या टोपल्यांना ती पटापट 'आत' म्हणत गेली. टाकायची भीती वाटायला लागली म्हणून. आधी आत पाठवायची भीती, मग टाकायची भीती. बारा वाजता घंटा झाली. सहा टब भरून गाडी अंगणात गेली होती आणि ओळीच्या टोकाला चिखलात नऊ टोपल्यांचा ढीग पडला होता. यांपैकी चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, हे तिला देवाशपथ माहीत नव्हतं.

जेवण शेडमध्ये होतं. मालकीणबाईंनी कोबी, घेवडा आणि डुकराचं हाड घालून सूप केलं होतं. पहिला चमचा तोंडात घातल्यावर लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाटल्या फिरायला लागल्या. वाडग्याच्या तळाशी थोडं सूप उरलं की त्यात लाल वाइन ओतून वाडगा तोंडाला लावायचा, ही इथली शाब्रोची पद्धत. पण आज वाडगे भरलेले असतानाच लोक वाइन ओतत होते.

"अजून कुणाला?" मालकीणबाईंनी विचारलं. सगळे आपापल्या वाडग्यांत बघायला लागले.

"मला द्या थोडं," सोलांज म्हणाली. पोटात काही गेलं तर धीर येईल असं तिला वाटलं. मालकीणबाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी वाडगा काठोकाठ भरला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आर्मां बसला होता. कोठारातली पिंपं तो चाळीस वर्षं सांभाळत होता, ऑगस्तचा दोस्त होता, आणि बोलण्यापेक्षा चघळणं पसंत करणारा माणूस होता. तो चघळायचा थांबून तिच्या वाडग्याकडे बघत राहिला.

लोक सिगारेटी पेटवायला बाहेर पडले तेव्हा तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"सूप कसं होतं?"

"चांगलं होतं की."

"दोन वाडगे खाल्लेस."

"भूक लागली होती."

"करपलं होतं, सोलांज. मालकीणबाई फोनवर बोलत बसल्या आणि तळाला कोळसा झाला. पिंपांत गंधक जाळून जाळून माझ्या नाकाचं धुरांडं झालंय, तरी मला कळलं." त्याने खिशातून एक सुरकुतलेला घड काढून तिच्यासमोर ठेवला. "हा तुझ्या ढिगातला आहे. मी चार मणी खाल्ले. जॅम आहे, जॅम."

सोलांजने घडाकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"मग सकाळपासून काय करत होतीस?"

"चाखत होते. मग जीभ बधिर झाली. मग शंका आली तिथे टाकलं."

"आणि नाही आली तिथे?"

"तिथेही होतीच," ती म्हणाली. "सगळंच कसं टाकणार, आर्मां?"

आर्मांने हवा तोंडात भरून सोडली. "म्हणजे टबांत काय आहे ते तुलाही माहीत नाही. दोन वाजता घाणा सुरू होणार. एकदा रस एकत्र झाला की देवसुद्धा तो वेगळा करू शकणार नाही."

"मी काय करू?"

त्याने बोटाने टेबलावरचा पावाचा चुरा गोळा केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. मालकांकडे जा. सांग, थंडी होती, सकाळी जरा जास्त घेतली, डोकं ठिकाणावर नव्हतं. टब तपासून घ्या म्हणावं. जोझियानचं नाक बरं आहे, ती बघेल. तू घरी जाऊन झोप. आठ दिवस हसतील, आठव्या दिवशी विसरतील. प्यायलेल्याला गाव माफ करतं. पुढच्या वर्षी नाक परत आलं की स्टूल तुझंच. पण नाक गेलं असं एकदा तोंडातून निघालं ना, की मग पुन्हा आलं तरी कुणी विश्वास ठेवायचं नाही."

किती सोपं होतं! सोलांजचा श्वास मोकळा झाला. जरा जास्त घेतली. एवढंच म्हणायचं. तिने मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. अंगणात उभं राहायचं, खाली बघायचं आणि म्हणायचं: हो मालक, सकाळी जरा जास्त झाली.

आणि ती तिथेच अडली.

हे वाक्य तिने ऐकलं होतं. याच अंगणात. फेर्नां टोपी हातात धरून उभा होता आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तेव्हा तिचं नाक कसं होतं! पोस्टमनने सकाळी काय खाल्लं ते पत्रावरून सांगणारं. फेर्नांच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास होता, कॉफीचा होता, घामाचा होता, भेदरलेल्या माणसाला सुटतो तसल्या घामाचा. दारूचा नव्हता. थेंबाचाही नव्हता. हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. आणि त्याच क्षणी थोरल्या मालकांनी तिच्याकडे वळून म्हटलं होतं, "उद्यापासून तू बस." ती बसली होती. सव्वीस वर्षं त्या वासाचा तिने पुन्हा विचार केला नव्हता. केला असता तर बसवलं नसतं.

"काय गं?" आर्मांने विचारलं. "पांढरी पडलीस."

"फेर्नां प्यायलेला नव्हता," ती म्हणाली.

सोलांज टेबलाला धरून उठली. इतकी भीती तिला ऑगस्तच्या आजारपणातही वाटली नव्हती, कारण तेव्हा घाबरण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आता होतं.

अंगणात बायका पंपाखाली वाडगे विसळत होत्या. सहा टब घाण्याशेजारी ओळीने ठेवले होते. मालक घड्याळ बघत होते आणि नखं खात होते.

"मालक," सोलांज म्हणाली, "घाणा सुरू करू नका."

"का? काय झालं?"

"मला वास येत नाही." ती ते गरजेपेक्षा जोरात म्हणाली आणि पंपापाशी सगळ्यांनी माना वळवल्या. "तापापासून येत नाही. कशाचाच. सकाळी मी अंदाजाने टोपल्या आत पाठवल्या आणि अंदाजाने टाकल्या. टबांत आंबलेलं असेल. टाकलं त्यात चांगलं असेल."

पंपाचं पाणी तेवढं वाहत राहिलं. मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, हळूहळू, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"मला सांगायची भीती?"

"हो," ती म्हणाली.

जोझियान वाडगा हातात घेऊन पुढे आली. "म्हणजे माझ्या टोपल्या…"

"चांगल्या असतील."

"असतील? चांगल्याच होत्या! मला काय कळत नाही? चिखलात ओतायला लावल्यास तू मला. सगळ्यांसमोर."

"तुला कळतं. म्हणूनच तू टबांचा वास घे, जोझियान. गारठ्यात दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. तुझ्या बापाचं नाक आहे तुझ्याकडे."

"बाबांचं नाव घेऊ नकोस!" वाडगा पंपाच्या दगडावर आपटला. "तुझ्या तोंडून तर अजिबात नको."

आता गप्प बसता आलं असतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, टब वाचले असते. सोलांजने एप्रन दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"तुझा बाप त्या दिवशी प्यायलेला नव्हता," ती म्हणाली. "मी इथे उभी होते, तो तिथे. त्याच्या अंगाला दारूचा वास नव्हता. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. मला वाटतं, त्याचंही नाक गेलं होतं. माझ्यासारखंच. तसं सांगण्यापेक्षा प्यायलो म्हणणं त्याला सोपं वाटलं असेल. मला आत्ता वाटलं, तसं."

कुणीतरी पंप बंद केला. जोझियान चाळीस वर्षांची होती, तिला दोन मोठ्या मुली होत्या, आणि तिचं तोंड बंद झालेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. ती सोलांजकडे बघत राहिली. बोलली तेव्हा सोलांजशी बोलत होती की स्वतःशी, ते कळत नव्हतं.

"आमच्याकडे दूध जळायचं. ते समोर बसलेले असायचे आणि जळायचं. आई ओरडायची, पिऊन बसलाय मेला. ते म्हणायचे, हो, प्यालोय. तेव्हा तर घरात बाटलीही नसायची." ती थांबली. "मी शाळेत पोरांशी मारामाऱ्या करायची. दारुड्याची पोर म्हणायची मला."

मालकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

जोझियानने नाक शिंकरलं, हात एप्रनला पुसले. "पहिला टब कुठला?" ती म्हणाली.

तिने सहाही टबांवर वाकून वास घेतला. चौथ्यापाशी ती थांबली, पुन्हा वाकली आणि म्हणाली, "हा." आर्मांने तो टब ताडपत्रीवर ओतला, बायका भोवती बसल्या आणि एकेक घड जोझियानच्या नाकाखालून जाऊ लागला. आंबट घड निघाले ते दीड टोपलीचे. ढिगातलं चांगलं होतं ते बहुतेक सगळंच, पण चिखलात गेलेलं निम्मं उचलता आलं नाही. दोनचा घाणा साडेतीनला सुरू झाला. पिंप भरेल की पाऊण राहील, हे आर्मां सांगेना.

उरलेल्या ओळींसाठी माणसं पुन्हा मळ्यात गेली तेव्हा धुकं उठलं होतं. मालकांनी सोलांजला थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, आणि पुढच्या वर्षाचंही काही बोलले नाहीत. तिने भिंतीवरची एक कात्री घेतली, एक टोपली घेतली आणि जोझियानची अर्धी राहिलेली ओळ धरली. सव्वीस वर्षांनी गुडघे टेकले तर जमीन फार खाली गेल्यासारखी वाटली. ती डोळ्यांनी बघत होती, बोटांनी चाचपत होती, एकेक मणी सोडवत होती. कात्री चालत होती. भीती गेली नव्हती. घरी गेल्यावर कपाट तसंच असणार होतं, जाकीट तसंच असणार होतं.

टोपली भरल्यावर ती ओळीच्या टोकाला आली. तिच्यापुढे दोघी होत्या, म्हणून ती रांगेत उभी राहिली. जोझियानने स्टूल एप्रनने पुसून घेतलेलं दिसत होतं. ती त्यावर अवघडून बसली होती, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखी.

सोलांजने टोपली पुढे ठेवली. "घे वास," ती म्हणाली.

जोझियान वाकली आणि तिने डोळे मिटले. सोलांजने नकळत मनात मोजलं. एक, दोन, तीन. फेर्नांलाही एवढाच वेळ लागायचा.

जोझियानने तळाचा एक घड ओढून काढला आणि मागे टाकला. "हा वाईट होता. बाकी आत."

"बरं."

टोपली गाडीवाल्याच्या टबात रिकामी झाली. सोलांज ती उचलून वळली तेवढ्यात मागून आवाज आला.

"सोलांज."

"काय?"

जोझियान तिच्याकडे बघत नव्हती. पुढची टोपली जवळ ओढत होती. "दूध ठेवलंस की समोर उभी राहत जा. बसायचं नाही."

"बरं," सोलांज म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन ओळीत गेली.